रिजेक्शन, पेशी-उपचार आणि रोजच्या गोळ्या

गैरसमज : रक्तगट जुळला की शरीर नवा अवयव स्वीकारतं.

रक्तगट ही पहिली पायरी. पेशींवरच्या एचएलए खुणा परक्या दिसल्या की प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी अवयवावर तुटून पडतात; हेच रिजेक्शन. एकसारख्या जुळ्यांमध्ये या खुणा तंतोतंत जुळतात, म्हणून १९५४ मध्ये बोस्टनला एका भावाची किडनी दुसऱ्याला चालली. इतरांना सहसा जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात.

गैरसमज : पेशी-उपचाराने प्रतिकारशक्ती आणखी खालावते.

खालावते ती गोळ्यांनी. त्यांतलं टॅक्रोलिमस हे औषध टी-पेशींना सरसकट आवरतं. त्यापायी जंतुसंसर्ग, मधुमेह, कधी खुद्द किडनीलाच इजा होते. पण हल्ला थांबवणाऱ्या टी-पेशीही आपल्या रक्तात असतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. २०२५चं नोबेल त्यांना मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. रुग्णाच्याच या नियामक पेशी रक्तातून वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि शिरेतून परत द्यायच्या, असा हा उपचार. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द वन स्टडी'त ३८ किडनी-रुग्णांना नियामक किंवा तत्सम पेशी दिल्या. रिजेक्शन साधारण नेहमीच्या उपचाराइतकंच राहिलं, विषाणूंचे संसर्ग मात्र कमी झाले.

गैरसमज : म्हणजे आता गोळ्या बंद!

ही घाई जिवावर बेतू शकते. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात लिव्हर प्रत्यारोपणाच्या दहा रुग्णांच्या पेशी दात्याच्या पेशींसोबत दोन आठवडे वाढवून त्यांना परत दिल्या. मग डॉक्टरांच्या नजरेखाली गोळ्या टप्प्याटप्प्याने, दीड वर्षात उतरवल्या. सात जणांना त्या पूर्णपणे सोडता आल्या. उरलेल्या तिघांना मूळचाच स्वयंप्रतिकार यकृतविकार होता. त्यांच्यात सौम्य रिजेक्शन दिसलं आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मला या तिघांची नोंद त्या सातांइतकीच मोलाची वाटते, कारण उपचार कोणाला झेपणार नाही याचा माग तिथून लागतो. शिवाय लिव्हर हा मुळातच सोशिक अवयव. त्याचा निकाल किडनीला किंवा हृदयाला जसाच्या तसा लावता येत नाही.

गैरसमज : काढे घेऊन प्रतिकारशक्ती वाढवली तर अवयव टिकतो.

चेतवलेली प्रतिकारशक्ती त्याच अवयवावर उलटू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं काहीही घेऊ नका.

नियामक पेशींचा उपचार अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहे. पैसे घेऊन 'गोळ्या सोडवतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, आणि आजचा डोस ठरल्या वेळी घ्या.