आयत्या वेळचे विषय

सहकार खात्यात नोकरी झाली ती जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री. सोसायट्यांच्या सभांची इतिवृत्तं तपासून डोळे गेले म्हणा ना. निकाल बरोबर की चूक, ते मी कधी बघत बसलो नाही. बघायचो ते एवढंच: नोटीस कधी निघाली, कोरम होता का, आणि ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात काय घुसवलंय. कोरम नसला की अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा, आणि तिला कोरमची अटच नाही! सगळं कायदेशीर. एका गावात हजेरीच्या सह्या दुसऱ्या दिवशी केळीच्या मळ्यांतून गोळा केलेल्या मला सापडल्या. अध्यक्ष म्हणाले, “साहेब, ठराव तर सगळ्यांच्या भल्याचाच आहे ना?” असेल. प्रश्न तो नव्हता.

इंटरनेटवरच्या नावांचा कारभारही अशाच एका मंडळाकडे आहे. आयकॅन ही 1998 साली अमेरिकेत स्थापन झालेली बिगर-नफा संस्था. पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांच्या पंक्तीला कोण बसणार, हे तिथे मताला टाकून ठरतं. आपलं डॉट भारत 2014 साली सुरू झालं, त्यालाही आधी तिथूनच मंजुरी घ्यावी लागली.

या मंडळापुढे 2004 साली एका कंपनीचा अर्ज आला. प्रौढांच्या संकेतस्थळांसाठी डॉट एक्सएक्सएक्स हवं होतं. जून 2005 मध्ये मंडळाने 6 विरुद्ध 3 मतांनी बोलणी सुरू करायला मान्यता दिली. मग विरोधाची पत्रं आली, अमेरिकी सरकारने थांबायला सांगितलं. 2006 आणि 2007, दोन्ही वर्षी 9 विरुद्ध 5 मतांनी नकार! कंपनी त्रयस्थ लवादाकडे गेली. फेब्रुवारी 2010 मध्ये लवादाने 2 विरुद्ध 1 असा निर्णय दिला: अर्ज निकषांत बसतो हे मंडळाने 2005 मध्येच मान्य केलं होतं, तोच मुद्दा नंतर पुन्हा उकरणं तटस्थ, न्याय्य धोरणाला धरून नव्हतं. असली संकेतस्थळं चांगली की वाईट, यात लवाद पडलाच नाही. मला हे फार आवडलं. शेवटी 18 मार्च 2011 रोजी मंजुरी मिळाली.

बरोबर दहा वर्षांनी, 18 मार्च 2021 ला, आमच्या जळगाव महापालिकेत महापौरांची निवड झाली, कोरोनामुळे ऑनलाइन. 75 नगरसेवकांत भाजपचे 57, तरी शिवसेनेच्या उमेदवार 45 विरुद्ध 30 मतांनी निवडून आल्या, कारण भाजपचे 27 फुटले. गावात चर्चा फक्त कोण फुटलं याची. पडद्यासमोर बसून मत देणाऱ्याच्या शेजारी कोण उभं आहे हे पीठासीन अधिकाऱ्याला कसं कळणार, हे विचारणारे थोडेच.

आयकॅनचा नियम असा, की बैठकीची विषयपत्रिका शक्यतो सात दिवस आधी जाहीर करायची. आमच्या कित्येक संस्थांत ती सभागृहाच्या दारात हातात पडते.

सप्टेंबरात तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा असेल. आयत्या वेळी खर्चाचा विषय आला तर उभे राहा, आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावा, आणि नोंदवला की नाही ते पुढच्या सभेत वाचून घ्या.