औषधाची पेटी आणि दोन दिवे

मार्च 1826. मुंबईच्या अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल फिरतीवर नाशकात पोचले, तेव्हा तिथे पटकीनं थैमान मांडलं होतं. हॉल यांना वैद्यकाची थोडी जाण होती. जवळची औषधं ते रोग्यांना देत राहिले आणि पेटी रिकामी होत आली तेव्हा परत निघाले. वाटेत दोडी-दापूरला पहाटे पटकीनं त्यांनाच गाठलं. 20 मार्चला काही तासांत खेळ संपला. वय होतं 41. दोडी आज सिन्नर तालुक्यात आहे. नगर जिल्ह्याची शीव तिथून लांब नाही.

नगरच्या मिशन दवाखान्यांची गोष्ट सांगायची तर मला या पेटीपासूनच सुरुवात करावीशी वाटते. हॉल डॉक्टर म्हणून आलेच नव्हते. 1812च्या फेब्रुवारीत ते आणि सॅम्युएल नॉट अमेरिकेहून जहाजानं निघाले, आधी कलकत्त्याला पोचले. ईस्ट इंडिया कंपनीला हे पाहुणे नको होते. मुंबईला पोचायला त्यांना 1813चा फेब्रुवारी उजाडला. आले होते धर्म सांगायला. पण रस्त्यावर माणसं मरत असताना हात पेटीकडेच गेला.

नगरला मिशनचं ठाणं पडलं ते 1831च्या डिसेंबरात. पहिल्या तुकडीतले विल्यम हार्वे पुढच्याच मे महिन्यात, 1832 साली, पटकीनं गेले. परक्या मुलखात उतरणाऱ्या त्या पिढीचं दुखणं असं होतं: हवा सोसायची नाही, पाणी सोसायचं नाही, आणि साथ आली की आधी घरातलाच माणूस जायचा. मिशनांनी डॉक्टर पाठवायला सुरुवात केली, त्यामागे लोकसेवेइतकीच आपली माणसं जगवण्याची निकड होती. हे मान्य केल्यानं त्यांच्या कामाची किंमत कमी होत नाही. उलट ती माणसं आपल्यासारखीच भ्यायलेली होती हे कळतं.

नगरमध्ये दवाखान्याआधी नाव झालं ते शाळांचं. सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण याच बाईंकडे घेतलं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

डॉक्टरांकडे वळलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. इथे टिकले ते बहुतेक इथल्याच मिशन घराण्यांतले. राहुरीला दवाखाना चालवणारे डॉ. विल्यम बॅलंटाईन हे मराठी ख्रिस्ती गीतांचे रचनाकार हेन्री बॅलंटाईन यांचे चिरंजीव. नगरला बायका-मुलांचं रुग्णालय उभं करणाऱ्या डॉ. ज्युलिया बिसेल याही मिशनच्याच घरातल्या. त्यांच्यानंतर ते काम पाहणाऱ्या डॉ. रूथ ह्यूम या मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांच्या कन्या, आणि रॉबर्ट ह्यूम स्वतः 1847 साली मुंबईत जन्मलेले. या मुलांसाठी परदेश कोणता? शिकायला अमेरिकेला गेले तो, की परत येऊन नगरला उतरले तो? बाळंतिणीच्या उशाशी बसून तिच्याच बोलीत तिला धीर देणारी डॉक्टरीण ही नुसती बोटीतून उतरलेली परकी बाई राहत नाही.

बायकांच्या दवाखान्याची गरज तर उघडच होती. पुरुष डॉक्टरसमोर अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका तेव्हा घरोघरी होत्या. 1939 साली हे रुग्णालय मुक्ती फौजेकडे, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीकडे गेलं. फौजेच्या जनरल इव्हँजेलिन बूथ यांचं नाव त्याला मिळालं. नगरकरांनी त्याचं सरळ ‘बूथ हॉस्पिटल’ केलं. 2020च्या करोनात नगरचे रुग्ण तिथे दाखल होत होते, तेव्हा या भिंतींनी साथ काही पहिल्यांदाच पाहिली नव्हती.

मुक्ती फौज हिंदुस्थानात आली तीही बोटीनंच. सप्टेंबर 1882मध्ये फ्रेडरिक टकर मोजक्या साथीदारांसह मुंबई बंदरात उतरले. सरकारी नोकरी सोडलेला हा गोरा अधिकारी देशी वेश करून, ‘फकीर सिंग’ नाव घेऊन हिंडू लागला. परक्यानं आपलंसं होण्याचा तो एक प्रयत्न. पण नुसत्या वेशानं किती अंतर तुटतं, हा प्रश्न मला सतावतो. त्याचं उत्तर पुढे नगर जिल्ह्यातच मिळालं.

राहुरीचे रजनीकांत आरोळे वेल्लोरला डॉक्टर झाले. पत्नी मेबल याही डॉक्टर. 1962 ते 66 दोघं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. रुग्ण यायचे, बरे व्हायचे, आणि तेच दुखणं घेऊन परत यायचे. घाण पाणी, उपासमार, आडवं गेलेलं बाळंतपण यांवर उपाय रुग्णालयाच्या आत नव्हताच. दोघं अमेरिकेला गेले. जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांना कार्ल टेलर यांच्यासारखे शिक्षक मिळाले. टेलर हेही भारतात जन्मलेले, वैद्यकीय मिशनऱ्यांचे पुत्र. 1970मध्ये आरोळे दांपत्य जामखेडला आलं आणि गुरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू झालं.

लगेच 1972चा दुष्काळ. लोकांनी मागितलं ते औषध नव्हे, पाणी. कूपनलिका खोदायच्या तर कुठे? आरोळ्यांनी त्या दलित वस्तीत घ्यायला लावल्या. मग पाण्यासाठी सारं गाव तिकडे जाऊ लागलं. मला ही युक्ती कोणत्याही शस्त्रक्रियेइतकी मोलाची वाटते.

दुसरा धडा डॉक्टरांनाच मिळाला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहीनात, आणि त्यांचं बोलणं बायकांना पटेना. तेव्हा गावच्याच बाया शिकवायचं ठरलं. पुष्कळ जणी निरक्षर, पुष्कळ जणी दलित. बाळंतपण, मुलांचं वजन, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, लस, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, सारं त्यांनी हाती घेतलं. 1971च्या सुमारास त्या गावांत हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 1976पर्यंत आकडा 52वर आला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999मध्ये गेल्या, डॉक्टर 2011मध्ये. आता परदेशातून विद्यार्थी जामखेडला येतात आणि या सेविकांसमोर वही उघडून बसतात.

1988 साली या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला आरोग्य परिषदेत बोलायला गेल्या. जामखेडच्या एका खेड्यातली बाई अमेरिकेत, झगमगीत सभागृहात उभी राहिली. छतावरच्या झुंबराकडे बोट दाखवून तिनं सांगितलं की डॉक्टर त्याच्यासारखे असतात: सुंदर, महाग आणि हाताला न लागणारे. मग तिनं जवळचे दोन साधे वातीचे दिवे काढले, एक पेटवला आणि त्याच्या ज्योतीवर दुसरा लावला.