निदान मुलाचे, आधार घराला

दोन-अडीच वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, शिकलेले चार शब्दही विसरल्यासारखे वाटते. म्हणून आईवडील त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेतात. तेथून श्रवणचाचणी, मानसशास्त्रज्ञ, बालविकासतज्ज्ञ अशी वाटचाल सुरू होते आणि एके दिवशी 'ऑटिझम' हा शब्द उच्चारला जातो. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. निदानाच्या कागदावर पुढील उपचारांची यादी असते: वाचा उपचार, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण. या यादीत आईवडिलांसाठी मात्र बहुधा एकही ओळ नसते. मुलाच्या जागेपणीचे बहुतेक तास ज्यांच्या सहवासात जाणार असतात, तेच त्या क्षणी सर्वाधिक खचलेले असतात. म्हणूनच पालकांना सावरणे हा उपचारांचाच पहिला टप्पा मानला पाहिजे.

स्वमग्नता हा संसर्ग नव्हे आणि वेडही नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील हा जन्मजात वेगळेपणा आहे. इतरांशी संवाद साधणे व मिसळणे यात येणाऱ्या अडचणी, ठरावीक कृती पुन्हापुन्हा करणे, आवाज, स्पर्श किंवा प्रकाश असह्य होणे अशा रूपांत तो दिसतो. रक्त तपासून किंवा मेंदूचे छायाचित्र काढून त्याचे निदान होत नाही. मुलाचे निरीक्षण आणि पालकांशी सविस्तर बोलणे यांवरच ते अवलंबून असते. त्याची तीव्रता मुलागणिक बदलते. त्यामुळे 'आमचे मूल पुढे बोलेल का, शाळेत जाईल का?' या पालकांच्या पहिल्याच प्रश्नाला अडीच वर्षांच्या वयात ठाम उत्तर देता येत नाही. ही अनिश्चितताच पालकांना सर्वांत जड जाते.

दोषाचे जुने ओझे

निदानानंतर आईच्या मनात येणारा पहिला विचार बहुधा 'माझे काय चुकले?' हा असतो. या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. 1943 मध्ये अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळवून दिले. त्याच लेखनात या मुलांच्या पालकांच्या रूक्षपणाचाही उल्लेख होता. पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या आपल्या पुस्तकातून आईच्या मायेचा अभाव हेच या अवस्थेचे मूळ असल्याचा समज दूरवर पसरवला. एका पिढीतील मातांनी हा आरोप मुकाट्याने सोसला.

या समजाला शास्त्रीय आव्हान देणाऱ्यांत एक वडील होते. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा स्वमग्न होता. या अवस्थेची मुळे शरीरात आहेत, संगोपनात नाहीत, अशी मांडणी त्यांनी 1964 मध्येच केली होती. 1977 मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा 1998 मधील 'लॅन्सेट'मधला बहुचर्चित लेखही त्या नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला.

तरीही आरोप संपलेले नाहीत. त्यांनी केवळ वेश बदलला आहे. 'आई नोकरी करते ना, मग असेच होणार', 'मोबाइल हातात दिला म्हणून', 'एकुलते एक, लाडावून ठेवले आहे', 'गरोदरपणात काळजी घेतली नसेल' ही वाक्ये आजही घराघरांत ऐकू येतात. मोबाइलचा अतिवापर लहान मुलांच्या हिताचा नाहीच, आणि तो कमी केल्याने मुलाशी बोलण्या-खेळण्याला अधिक वेळ मिळतो. परंतु त्यामुळेच आपले मूल स्वमग्न झाले, असा निष्कर्ष पालकांनी काढण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी हे आजी-आजोबांच्या उपस्थितीत, स्पष्ट शब्दांत सांगितले, तर त्या एका वाक्याचा आईला फार मोठा आधार होतो.

आप्तांनी काय करावे?

जवळची माणसे बहुधा धीर देण्याच्या भरात निदानच नाकारतात. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे वडीलही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते' असे म्हणण्यामागे माया असते. पण त्यातून पालकांना आपली शंका खोटी वाटू लागते आणि मोलाचे महिने निघून जातात. त्याच सुमारास कोणी वेखंड उगाळून चाटवायला सांगते, कोणी पोपटाने उष्टावलेला पेरू आणून देते, कोणी नवस सुचवते. एखाद्या आजीच्या समाधानासाठी दृष्ट काढली म्हणून बिघडत नाही. उपचार मात्र त्यासाठी थांबता कामा नयेत.

सल्ल्यापेक्षा कामाची वाटणी अधिक उपयोगी ठरते. आठवड्यातून दोन दिवस मुलाला थेरपीला नेणे, त्या वेळी धाकट्या भावंडाला सांभाळणे, रात्रीचा डबा पोहोचवणे, आईला एखादी दुपार निवांत झोपू देणे, यांचे मोल मोठे असते. लग्नकार्यात मूल किंचाळले, कानांवर हात ठेवून बसले, तर 'जरा शांत करा त्याला' असे सांगण्याऐवजी शांत खोलीची किल्ली पुढे करता येते. अशा प्रसंगांच्या धास्तीने कुटुंबे हळूहळू कोठे जाणेच बंद करतात, आणि मग एकटेपणाचे दुखणे वेगळेच सुरू होते.

आई आणि वडील यांचे दुःख एकाच वेगाने ओसरत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. एकजण रात्र रात्र माहिती शोधत असतो, तेव्हा दुसरा त्या विषयाचे नावही काढू देत नाही. याचा अर्थ त्याला काळजी नाही असा नव्हे. दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जाणे यासाठीच उपयुक्त असते. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, सतत रडू येणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी स्वतंत्र उपचार घ्यावे लागतात. जगणे नकोसे वाटण्याचा विचार बळावत असेल, तर दोन आठवडे वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मोठे भावंडही दुर्लक्षिले जाते. त्याला त्याच्या वयाला समजेल अशा भाषेत खरे सांगावे आणि दिवसातील काही वेळ केवळ त्याच्यासाठी राखावा.

पालक शिकतात तेव्हा

पालकांना नेमके काय करायचे ते शिकवणे, हाही आधाराचाच एक प्रकार आहे. याचा एक बोलका दाखला गोव्याचा आहे. गोव्यात 'संगत' या संस्थेच्या सहभागाने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या एका संशोधनात स्वमग्नतेतील तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांबरोबर 12 सत्रे घेतली. मुलाशी खेळतानाचे चित्रीकरण पालकांसोबत पाहायचे आणि मुलाने दिलेला बारीकसा संकेत कोणता, त्याला प्रतिसाद कसा मिळाला, हे शोधायचे, अशी ही पद्धत होती. 65 मुलांच्या या चाचणीचे निष्कर्ष 2015 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. सर्वच बाबतींत सुधारणा दिसली नाही; परंतु पालक मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देऊ लागले आणि मुलेही आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मोठ्या शहरातील महागड्या तज्ज्ञांवाचूनही काही करता येते, हा दिलासा त्यातून मिळाला.

मात्र याचा अतिरेकही टाळला पाहिजे. आईने चोवीस तास शिक्षिका व्हावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे तिच्यावर नव्या दोषाची तयारी करणे होय. आंघोळ घालताना, भाजी निवडताना, जिना चढताना जे सहज साधते, तेवढे पुरे. उरलेला वेळ तिने केवळ आई असावे.

फसव्या आशा आणि हक्काची मदत

हताश पालक हे खोट्या उपचारांचे सोपे गिऱ्हाईक असतात. 'सहा महिन्यांत बरा करून देतो' असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. मूळ पेशींच्या उपचारांसाठी काही कुटुंबांनी लाखो रुपये खर्च केले आहेत. स्वमग्नतेवर या उपचारांची शिफारस करता येत नाही, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर 2022 मध्ये घेतली. योग्य प्रशिक्षणाने मुलाची क्षमता वाढते, हे खरे आश्वासन आहे. वेगळेपण पुसून टाकण्याचे आश्वासन खरे नाही.

शासकीय पातळीवर काही तरतुदी आहेत, पण निदानाच्या धक्क्यात त्या सांगणारे कोणी भेटत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत तिची गणना होते. दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळाल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण घेता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी व उपचारांची सोय केली जाते. प्रमाणपत्र घेणे म्हणजे मुलावर शिक्का मारणे, असे अनेकांना वाटते. ते वाटणे समजण्यासारखे आहे. तथापि तो कागद मुलाच्या हक्कांची किल्ली आहे. पहिल्याच महिन्यात त्यासाठी धावण्याची गरज नाही. घर थोडे सावरले की अर्ज करावा.

या साऱ्याहून अधिक बळ मिळते ते समदुःखी पालकांकडून. ब्रिटनमध्ये 1962 साली पालकांनीच एकत्र येऊन संस्था उभारली. तिच्या संस्थापकांतील मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग या स्वतः स्वमग्न मुलीच्या आई होत्या. आपल्याकडे मेरी बरुआ यांनी आपल्या मुलासाठी वाट शोधता शोधता 1991 मध्ये दिल्लीत 'अॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली आणि पालकांना मुलांसह प्रशिक्षण देण्याची प्रथा पाडली. मुंबईत 'फोरम फॉर ऑटिझम' हा पालकांचाच गट आहे. दहा वर्षे ही वाट चाललेली एखादी आई नव्या आईला जे सांगू शकते, ते कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते: कोणती शाळा मुलाला सामावून घेते, केस कापताना रडणाऱ्या मुलाचे काय करावे, आणि दुःख जरी पूर्णतः जात नसले, तरी त्याच्या शेजारी हसूही परत येते.

म्हणून निदान सांगणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने कागदावर आणखी तीन गोष्टी लिहाव्यात: मुलाला आज काय काय येते, पुढच्या महिन्यात करावयाचे एकच काम, आणि जवळच्या एखाद्या पालकगटाचा संपर्क. दुसऱ्या भेटीत मुलाची चौकशी करण्यापूर्वी आईवडिलांना 'तुम्ही कसे आहात?' असे विचारावे, आणि उत्तर ऐकण्यापुरता वेळही काढावा.