हवामानाचा धोका : मालदीवची बेटे आणि आपला आदिलाबाद

आपले शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 260 मीटर उंच. मग या व्याख्यानमालेत समुद्रातल्या बेटांचा विषय कशासाठी, असा प्रश्न श्रोत्यांना पडणे साहजिक आहे. उत्तर साधे आहे. हवामानबदलाचा धोका कसा मोजायचा आणि त्याची तयारी कशी करायची, हा विचार सर्वांत आधी करणे भाग पडले ते लहान बेटांच्या देशांना. त्यांचा हिशेब समजला की पैनगंगेकाठच्या आपल्या कपाशीचाही हिशेब मांडता येतो.

आपल्या शेजारचा मालदीव हा सुमारे 1200 बेटांचा देश. तेथील जमिनीची सरासरी उंची जेमतेम दीड मीटर. 1901 ते 2018 या काळात जगभरातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ वीतभर वाढली. आपल्याला वीत काहीच वाटत नाही. दीड मीटर उंचीच्या माणसाच्या अंगणात ती फार असते.

पण धोका म्हणजे फक्त पाण्याची उंची नव्हे. अभ्यासक धोक्याचे तीन भाग करतात. पहिला, संकट : पूर, दुष्काळ, उष्णतेची लाट. दुसरा, त्या संकटाच्या माऱ्यात असलेली माणसे, घरे, पिके. तिसरा, मारा बसल्यावर तग धरण्याची ताकद. संकट तेच असले तरी दुसरा आणि तिसरा भाग बदलला की धोका बदलतो.

डिसेंबर 2004 ची त्सुनामी भूकंपाने आली. हवामानाशी तिचा संबंध नव्हता. तरी तिने हे गणित उघडे केले. भारतात जीवितहानी कितीतरी अधिक झाली, पण तमिळनाडूच्या किनाऱ्याला मदत करायला बाकीचा देश शाबूत होता. मालदीवचे नुकसान त्या देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होते. लहान बेटाची खरी अडचण हीच : मार एकाच वेळी सगळ्यांना बसतो आणि मागे सरायला जागा नसते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. राजधानी माले येथे पिण्याचे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळते. 4 डिसेंबर 2014 रोजी तेथील पाणी-प्रकल्पात आग लागली आणि सुमारे एक लाख लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने नौदलाच्या जहाजांतून आणि हवाई दलाच्या विमानांतून पाणी पाठवले. त्या दिवशी वादळ नव्हते, समुद्र चढला नव्हता. सगळे शहर एकाच यंत्रणेवर अवलंबून होते, एवढेच.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा धो-धो पडतो, आणि मध्ये उघाडीही लांबते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. त्यांनी धरलेल्या मध्य भारताच्या पट्ट्यात आदिलाबाद येते.

हा बदल कपाशीच्या वर्षावर ताडून पाहा. जूनमध्ये धूळपेरणी केली आणि पावसाने दडी मारली, की दुबार पेरणी. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली, की भारी काळ्या मातीत पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड पिवळे पडते. बोंड फुटताना ऑक्टोबरचा पाऊस आला, की कापूस भिजतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, आणि 12 टक्क्यांवर खरेदीच नाही. म्हणजे दोन दिवसांच्या पावसाची किंमत मार्केट यार्डाच्या काट्यावर मोजावी लागते. आणि ती सगळ्या गावाला एकदम मोजावी लागते, कारण सगळ्यांचे पीक एक, हंगाम एक, बाजार एक. अडल्या वेळी उसने द्यायला गावात कोणी उरत नाही. पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी हा या अर्थाने बेटावरच राहतो.

आपल्या आजोबांच्या शेतात कपाशीबरोबर तुरीचे तास असत, बाजूला ज्वारी असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही; उत्पन्न तुटपुंजे होते. पण कपाशी गेली तरी घरात भाकरी आणि बैलांना कडबा उरत असे. आपण उत्पन्न वाढवले आणि दुसरी वाट बंद केली. तयारीचे नियोजन म्हणजे ती वाट पुन्हा मोकळी करणे.

यात एक सावधगिरी हवी. काही उपाय आजचे संकट टाळून उद्याचे वाढवतात. मालदीवमध्ये जमीन वाढवण्यासाठी समुद्रतळाची वाळू उपसली की गाळाने प्रवाळ गुदमरते. आणि लाटांना आधी अडवते ते प्रवाळच. आपल्याकडचे याचे रूप म्हणजे दरवर्षी आणखी खोल जाणारी बोअर. एकाची बोअर खोल गेली की शेजाऱ्याची विहीर आटते.

जुन्या मापावर विसंबणेही धोक्याचे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, आता निर्मल जिल्ह्यात गेलेले कडेम धरण आठवा. 1958 मध्ये बांधकाम चालू असताना ते फुटले होते. जुलै 2022 मध्ये तेथे पाच लाख क्युसेकच्या आसपास पाणी आले आणि 18 पैकी एक दरवाजा उघडलाच नाही. धरण थोडक्यात वाचले. धोका पाण्यात होता, तसाच न हललेल्या दरवाजातही होता. पाऊस आपल्या हाती नाही; दरवाजाला वंगण घालणे हाती आहे.

मग करायचे काय? पहिली पायरी, पाऊस कसाही झाला तरी फायद्याचीच ठरतील अशी कामे. आपल्याच राज्यात पाटणचेरू येथे 1972 मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या मातीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली. अतिवृष्टीत सरीतून जादा पाणी निघून जाते आणि उघाडीत वरंब्यात ओल टिकते. शेततळे, तलावातला गाळ काढणे आणि कपाशीत तूर ही कामेही याच जातीची.

दुसरी पायरी, निर्णय आधी ठरवून ठेवणे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कपाशी टोबायची नाही, हा कृषितज्ज्ञांचा जुना सल्ला आहे. तो शेजाऱ्याची तिफण पाहून मोडतो. गावाने मिळून ठरवले, तर पाळला जातो.

तिसरी पायरी, माणूस वाचवणे. मे 2010 मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा 1344 मृत्यू अधिक झाले. 2013 पासून त्या शहराने उष्णता कृती आराखडा सुरू केला : आगाऊ इशारा, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी. आपल्या उन्हाळ्यात विटा वाहणाऱ्या मजुरासाठी कामाची वेळ बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चौथी पायरी मात्र आपल्या साहित्यिक मंडळींची आहे. पैनगंगेला राज्याची सीमा कळत नाही. ईसापूर धरण महाराष्ट्रात, आणि त्याचे पाणी वाहत येते बेला, जैनथकडच्या शिवारात. आपल्या राज्याचा कारभार तेलुगू आणि उर्दूत चालतो. आपल्या कित्येक घरांतल्या आजींना मात्र मराठीच समजते. पैलतीरी यवतमाळ जिल्ह्यात आपले सोयरे आहेत. तिकडे नदी चढली की इकडे फोन यावा, तेलुगूत आलेला इशारा कोणीतरी मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा, एवढी साखळी दोन्ही भाषा जाणणारे आपण विनाखर्च उभी करू शकतो.

शिवाय आठवण हीही नोंदच असते. कोणत्या साली पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागले, हे सांगणारी माणसे आज गावोगाव आहेत; ती कायम राहणार नाहीत. पुढच्या मृगाच्या आत आपण प्रत्येक नदीकाठच्या गावात एक वही घालावी, वृद्धांकडून पुराच्या खुणा विचारून भिंतीवर रंगाने रेघ ओढावी आणि शेजारी साल लिहावे. नवे घर कुठवर बांधायचे, हे त्या रेघेवरून पुढच्या पिढीला कळेल.