शीलाचा पाया
धर्मश्रद्धा ढळली की समाजाची नीती ढासळते, असे आज वारंवार म्हटले जाते. या संदर्भात संयुत्तनिकायातील वेळुद्वारेय्य सुत्त आम्हांस मननीय वाटते. संसारसुख व मरणोत्तर सुगती इच्छिणाऱ्या वेळुद्वारच्या गृहस्थांना भगवंतांनी ईश्वराचे भय दाखविले नाही. स्वतःवरून दुसऱ्यास जाणावे, हा निकष दिला. जे मला अप्रिय, ते दुसऱ्यावर कसे लादावे? हत्या, चोरी, व्यभिचार आणि चतुर्विध वाचिक दुराचार यांपासूनची विरती या विचारातूनच निष्पन्न होते. त्रिरत्नांवरील श्रद्धा त्यानंतर येते. तिला ‘अवेच्चप्पसाद’, म्हणजे जाणून घेतल्यावर लाभलेली अढळ प्रसन्नता, म्हटले आहे. श्रद्धेने शील स्थिर होते, हे खरे; परंतु दुसऱ्याचे दुःख न जाणणाऱ्या श्रद्धेतून शील उपजत नाही, असे आमचे मत आहे.