सुट्टी घेण्याआधी बाळाच्या काविळीचा आकडा विचारा

गेल्या पावसाळ्यात वस्तीतली एक आजी पाच दिवसांचं नातवंड घेऊन विहारात आली. म्हणाली, "सिस्टर, बाळ लई गुणी आहे. रडत नाही, दुधालाही उठत नाही." आम्ही दारातल्या उजेडात बाळ उघडं केलं, छातीवर बोट दाबून सोडलं. कातडी हळदीसारखी पिवळी, तळपायसुद्धा पिवळे. तशीच रिक्षा बोलावली. बाळाला निळ्या लाइटखाली ठेवलं, रक्तही बदलावं लागलं. बाळ वाचलं, पण ऐकणं गेलं.

आम्हाला राग येतो तो याचा, की धोका आधी ओळखता आला असता. आईचा रक्तगट ओ आणि बाळाचा ए. बाळंतपण तीन आठवडे आधी झालेलं. थोरल्या बहिणीलाही जन्मल्यावर लाइटखाली ठेवलेलं. कागदावर हे सगळं होतं. तरी दुसऱ्याच दिवशी सुट्टी मिळाली आणि काविळीची तपासणी झाली नाही.

पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साधारण साठ बाळांना कावीळ दिसते. बहुतेकांची दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. बाळाचं लिव्हर अजून कच्चं असतं, म्हणून रक्तातलं बिलिरुबिन साचतं आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त चढतं. तोवर आपण घरी आलेलो असतो. ते फार वाढलं तर मेंदूत शिरतं. मग ऐकणं, मान धरणं, चालणं यांवर कायमचा घाला येतो.

म्हणून सुट्टीआधी बिलिरुबिन तपासायचं. रक्ताचे थोडे थेंब लागतात. काही ठिकाणी कपाळाला लावायचं मशीन असतं, त्यात सुई टोचत नाही. आकड्यासोबत बाळ किती तासांचं आहे हेही बघतात. वीस तासांच्या बाळाचं 8 असेल तर धोका मोठा. तेच 8 पूर्ण दिवसांच्या बाळात 72 तासांना असेल तर सहसा चिंता नाही. तासांप्रमाणे धोका सांगणारा तक्ता डॉ. विनोद भुटानी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत 1999 मध्ये मांडला. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. सावळ्या कातडीत पिवळेपणा लपतो, आम्हा नर्सेसचीही फसगत होते.

आईचा गट ओ किंवा निगेटिव्ह, 38 आठवड्यांआधीचा जन्म, आधीच्या मुलाला उपचार लागलेले, ओढून काढल्याने डोक्याला आलेली सूज, दूध नीट न ओढणं, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांना तोंडाने सांगा. पहिल्या चोवीस तासांत पिवळं दिसणारं बाळ तर लगेच दाखवायचं. आणखी एक: ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेले जुने कपडे बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी सिक्स पी डी कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वासानेही फुटतात.

उन्हाचं म्हणाल, तर इंग्लंडमधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलात 1956 मध्ये सिस्टर वॉर्ड या नर्सनेच पाहिलं, की उन्हात ठेवलेल्या बाळाचा पिवळेपणा उतरतो. त्यातूनच लाइटचा उपचार आला. (नर्सेसचं नाव फार कुठे येत नाही, म्हणून सांगितलं.) पण गल्लीतलं ऊन त्या लाइटची जागा घेत नाही. घुटी आणि काविळीची माळ यांत तर नुसते तास जातात.

सरकारी दवाखान्यात 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताची तपासणी, औषध आणि गाडी मोफत आहे. पैसे मागितले तर योजनेचं नाव घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंची पहिली भेट तिसऱ्या दिवशी असते. त्यांना बाळ दुपट्यात गुंडाळून दाखवू नका, उजेडात उघडं करून दाखवा. बाळ सुस्त पडलं, दूध सोडलं, कर्कश रडलं किंवा पाठ ताणली, तर रात्र असो वा पाऊस, निघायचं.

ते बाळ आता आठ महिन्यांचं आहे. मंगळवारी त्याच्या कानाची पुन्हा तपासणी आहे, आम्ही आईसोबत जाणार आहोत.