वनराई बंधारा आणि गावची शाळा

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. असे असूनही चैत्र-वैशाखात डोंगराच्या कुशीतील कित्येक वाड्यांना टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागते. जुलैत ज्या पऱ्याला उतार मिळत नाही, त्याच पऱ्याच्या कोरड्या पात्रात एप्रिलमध्ये डवरा खणून वाटी-वाटीने पाणी भरावे लागते. या विसंगतीचा परिणाम शिक्षकाला सर्वांच्या आधी दिसतो. कारण ज्या घरी पाणी लांबून आणावे लागते, त्या घरची मुलगी शाळेत उशिरा येते, किंवा आली तरी थकलेली असते. म्हणून पाणी अडविणे हे केवळ ग्रामपंचायतीचे काम आहे असे समजून शाळेने त्यापासून अलिप्त राहणे योग्य होणार नाही. थोड्या खर्चात व गावच्या श्रमावर होणारा एक उपाय, त्यामागील तत्त्व आणि त्यातील शाळेचा वाटा यांची माहिती या लेखात दिली आहे.

१. पाणी जाते कोठे?

आपला डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. या पाषाणाच्या अंगी पाणी धरून ठेवण्याची शक्ती थोडी. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. सह्याद्रीचा उतार तीव्र असल्यामुळे पावसाचे बहुतेक पाणी काही तासांतच पऱ्यांतून नदीला जाऊन मिळते. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूर व महाडवरून वाहते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते. एवढ्या थोड्या अंतरात ती सबंध घाट उतरते. मग तिला मिळणाऱ्या लहान पऱ्यांना थांबायला अवसर कोठून मिळणार?

जे थोडे पाणी मुरमात शिरलेले असते, ते पाऊस संपल्यावर हळूहळू पाझरून बाहेर येते. आश्विन-कार्तिकात पऱ्याला जी निवळशंख धार असते, ती या पाझराची. ही धार मार्गशीर्षात बारीक होते आणि पुढे आटते. पावसाळ्यातील लोंढा अडविणे गावच्या शक्तीबाहेरचे आहे. ही मागाहूनची धार अडविणे मात्र गावच्या हातात आहे. वनराई बंधारा याच कामासाठी असतो.

२. बंधाऱ्याची रचना

कोकणात दगड, माती, फांद्या व पेंढा यांचे कच्चे बांध पूर्वीपासून घातले जात आले आहेत. त्याच पद्धतीत सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा उपयोग करून जो बंधारा घालतात, तो ‘वनराई बंधारा’ या नावाने महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला. हे नाव ‘वनराई’ या संस्थेवरून आले. माजी केंद्रीय मंत्री मोहन धारिया यांनी ही संस्था स्थापन केली. त्यांचा जन्म १९२५ साली आपल्या महाड तालुक्यातील नाते या गावी झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

रचना सोपी आहे. पोत्यात माती अथवा मुरूम भरून तोंड घट्ट शिवावे. पोते गच्च भरू नये, दोन-तृतीयांश भरावे. म्हणजे ते नीट पसरते व शेजारच्या पोत्याला चिकटून बसते. पात्रातील सैल गोटे व पाला काढून जागा साफ करावी आणि पोती प्रवाहाला आडवी रचावी. भिंतीतील विटांप्रमाणे वरच्या थरातील सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नये. तळाचा थर रुंद व वरचा अरुंद असावा. पाण्याच्या बाजूने चिकणमातीचा लेप दाबून बसवावा. दोन्ही टोके काठात आतपर्यंत न्यावी, नाहीतर पाणी कडेने वाट काढते. मधला भाग काठाकडील भागापेक्षा किंचित सखल ठेवावा, म्हणजे जादा पाणी पात्राच्या मध्यावरूनच सांडते. उंची साधारण एक मीटरपेक्षा अधिक करण्याचा मोह टाळावा.

३. वर्गात सोडविण्याजोगे गणित

समजा, पऱ्याचे पात्र ६ मीटर रुंद आहे. बंधारा १ मीटर उंच, तळाशी दीड मीटर व माथ्यावर अर्धा मीटर जाड ठेवला, तर सरासरी जाडी १ मीटर होते आणि भरावा ६ घनमीटर, म्हणजे ६,००० लिटर लागतो. एका पोत्यात सुमारे २५ लिटर माती धरली, तर २४० पोती लागतील.

आता पाण्याचा हिशेब पाहू. पात्राला ५० मीटरांत १ मीटर उतार असेल, तर अडलेले पाणी मागे ५० मीटरपर्यंत पसरेल. ते पाचरीच्या आकाराचे असल्यामुळे त्याचे घनफळ ५० × १ × ६ यांच्या गुणाकाराच्या निम्मे, म्हणजे १५० घनमीटर अथवा १,५०,००० लिटर येते. उलटपक्षी, जेथे दहा मीटरांतच १ मीटर उतार आहे, तेथे तेवढ्याच पोत्यांत व तेवढ्याच श्रमांत केवळ ३०,००० लिटर पाणी अडेल. जागेच्या निवडीने पाचपट फरक पडतो, ही गोष्ट मुले गणिताने स्वतः शोधून काढतील. उतार मोजण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली पाणसळ पुरेशी आहे.

धार मोजण्यास घड्याळ व बादली पुरे. दहा लिटरांची बादली २० सेकंदांत भरत असेल, तर धार सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर होय. एवढ्या धारेने वरील जागा सुमारे साडेतीन दिवसांत भरते. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच बादलीने धार मोजून तक्त्यावर लिहीत गेल्यास आपला पऱ्या केव्हा आटतो याची गावाला प्रथमच नेमकी माहिती मिळेल.

या साठ्याचे मोल कसे समजावून द्यावे? २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. शंभर वस्तीच्या वाडीला १,५०,००० लिटर पाणी या प्रमाणाने सुमारे २७ दिवस पुरते. तथापि बंधाऱ्यातील उघडे पाणी पिण्यास वापरू नये. ते गुरांसाठी, धुण्यासाठी व परसातील भाजीसाठी वापरावे. त्याचा मोठा लाभ निराळाच आहे. साठा उभा राहिल्याने काठच्या जमिनीतील पाण्याची पातळी वर राहते आणि लगतची विहीर काही काळ अधिक टिकते. पिण्याचे पाणी त्या विहिरीतून, शुद्ध करूनच घ्यावे.

४. कोठे थांबावे

पाणी मुरविणे नेहमी व सर्वत्र हितकारकच असते, असा समज करून घेणे आपल्या तालुक्यांत धोक्याचे आहे. २५ व २६ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अतिवृष्टीत तीव्र उतारावरची माती व झिजलेला खडक पाण्याने जड होतो, आतील कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि सारा थर खाली घसरतो. म्हणून वस्तीच्या वरच्या अंगाच्या उतारावर चर खणण्याचे काम, कितीही चांगल्या हेतूने सुचविले गेले तरी, तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय हाती घेऊ नये.

वनराई बंधारा पात्रातच असतो व पाऊस संपल्यावर घालतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा धोका उद्भवत नाही. मात्र एक अट कटाक्षाने पाळली पाहिजे. पावसाळ्यापूर्वी तो काढलाच पाहिजे. तसाच राहिलेला बंधारा पुराचे पाणी काठावर लोटतो. शिवाय ही पोती प्लास्टिकच्या धाग्यांची असल्याने उन्हाने जीर्ण होतात व त्यांच्या चिंध्या शेतांतून आणि नदीतून पसरतात. जितकी पोती लावली तितकी मोजून परत काढावी.

डोंगरावर जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा बंद पडणे, ही दरडीची पूर्वचिन्हे होत. ही चिन्हे मुलांना शिकवावी आणि ती आढळताच तलाठ्यास व तहसील कार्यालयास कळविण्याचा प्रघात पाडावा. पऱ्यावर नियमाने जाणारा विद्यार्थी हे बदल इतरांच्या आधी टिपू शकतो.

५. पाणी सर्वांचे

महाड ही पाण्याच्या हक्काची भूमी आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला व महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. तरीही ते प्रत्यक्षात खुले झाले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतरचा न्यायालयीन लढा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. ठराव होणे आणि पाणी हाती येणे यांत किती अंतर असते, हे या इतिहासावरून ध्यानात येते.

हा धडा बंधाऱ्यालाही लागू आहे. बंधारा वरच्या वाडीने घातला तरी खालच्या वाडीची धार तोडता येणार नाही. म्हणून जागा निवडताना दोन्ही वाड्यांना बोलवावे. ज्यांनी पोती उचलली नाहीत त्यांना पाणी नाही, असाही नियम होऊ देऊ नये. म्हातारी माणसे, आजारी माणसे व पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे यांचा पाण्यावरील हक्क श्रमदानावर अवलंबून नाही. गावात याविषयी वाद उत्पन्न झाल्यास शिक्षकाचा समंजस शब्द पुष्कळ काम करतो.

६. कामाचा वार्षिक क्रम

आपल्या तालुक्यांतील एक अडचण अशी, की बंधाऱ्याचे दिवस व भातकापणीचे दिवस जवळजवळ एकच आहेत. दुसरी अडचण मनुष्यबळाची. अनेक घरांतील कर्ते पुरुष मुंबईस असतात व ऐन कामाच्या वेळी गावात स्त्रिया व वृद्ध तेवढे राहतात. चाळीस-चाळीस किलोंची दोन-अडीचशे पोती त्यांच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु चाकरमानी मंडळी वर्षातून ठरावीक वेळी गावी येतातच, आणि सुदैवाने त्या वेळा पाण्याच्या कामाशी बऱ्याच जुळतात. म्हणून पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

गणेशोत्सवात सारे गाव एकत्र असते. त्या वेळी बैठक घेऊन जागा ठरवावी, ग्रामपंचायतीची संमती घ्यावी आणि घरबांधणीतील रिकामी पोती जमा करण्यास आरंभ करावा. त्यानंतर शाळेने दर आठवड्यास धार मोजावी. पाऊस पूर्ण थांबला व धार निवळली, की दिवाळीच्या सुमारास, कापणीतून मोकळा मिळेल असा एक दिवस धरून बंधारा घालावा. धार बारीक होईपर्यंत वाट पाहू नये. उशिराचा प्रत्येक आठवडा म्हणजे वाहून गेलेले पाणी. शिमग्यास मंडळी पुन्हा येतात. तेव्हा गळती पाहावी, फाटलेली पोती बदलावी आणि डोंगरावर वणवा लागू नये म्हणून पाळीने लक्ष ठेवण्याची व्यवस्था लावावी. कारण जळून उघडा पडलेला उतार पहिल्या पावसात मातीसह पाणी सोडून देतो. मे महिन्याच्या अखेरीस बंधारा काढून पोती मोजून घ्यावी.

या क्रमात मुलांचे काम निराळे आहे. भरलेले पोते उचलणे हे मुलांचे काम नव्हे. बंधारा घातल्यावर तेथे मीटरभर खोल पाणी उभे राहते, तेव्हा लहान मुलांना मोठ्या माणसांवाचून तिकडे जाऊ देऊ नये. मुलांनी मोजावे, लिहावे, नकाशा काढावा आणि वहीत नोंद ठेवावी : धारेचे माप, विहिरीची पातळी, लावलेली पोती, काढलेली पोती, विहीर आटल्याची तारीख. विहिरीची पातळी गाठी मारलेल्या दोरीनेही मोजता येते.

बंधाऱ्याची पोती दरवर्षी निघतात व पाणीही दरवर्षी सरते. टिकून राहते ती ही वही. बंधारा घातलेल्या वर्षी विहीर किती दिवस अधिक टिकली, किंवा टिकली नाही, हे तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून गावाला कळेल आणि जागा बदलावी की कामच निराळे करावे, याचा निर्णय अंदाजाने न करता पुराव्याने करता येईल. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेतच राहावी व नव्या शिक्षकाने ती पुढे चालवावी, एवढी दक्षता प्रत्येक शाळेने घ्यावी.